घरच्या सर्व्हरची किल्ली कोणाकडे?

पूर्वी पेढीची वही लाल कापडात बांधून तिजोरीत जाई आणि तिजोरीची किल्ली मालकाच्या कमरेला असे. मुनीम कितीही इमानदार असला तरी रात्री किल्ली त्याच्या घरी जात नसे, आणि यात मुनिमाचा अपमान झाला असे कोणी मानत नसे. आता वही संगणकात गेली आहे. जीएसटीची बिले, उधारीची यादी, सुताच्या खरेदीचे भाव, कारागिरांची मजुरी, गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर, घरातल्या लग्नाचे फोटोसुद्धा, सारे एका डब्यात आहे. त्या डब्याची किल्ली, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड, मात्र आमच्या अनेक व्यापारी बंधूंकडे नसते. ती संगणक बसवून गेलेल्या पोराकडे असते. तो उद्या दुबईला गेला, दुसऱ्या धंद्याला लागला किंवा पैशावरून बिनसले, तर पेढीच्या वहीलाच कुलूप लागते. ज्याच्यावर ही पाळी येते तो अब्रूखातर बोलत नाही, म्हणून बाजाराला त्याचा पत्ता लागत नाही.

आजचा विषय नावाने जड वाटेल, पण तो रोजच्या धंद्याचाच आहे. घरी किंवा दुकानात स्वतःच्या मालकीचा सर्व्हर ठेवायचा, तर त्याचा कारभार पाहणारी मॉड्यूल्स कोणी बनवावीत आणि ती कशी असावीत? आमचे स्पष्ट मत असे की डबा विकत घेणे हे यातले सर्वांत सोपे काम आहे. खरी कसोटी मॉड्यूलमध्ये आहे. आणि ते काम आपल्याच शिकलेल्या मुला-मुलींकडून, पण रीतसर दाम मोजून, करून घेतले पाहिजे.

डबा आणि त्याचा कारभार

घरचा सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालू राहणारा साधा संगणक. एकदा बसवल्यावर त्याला पडदा लागत नाही, की-बोर्ड लागत नाही. जुने धूळ खात पडलेले यंत्र चालते, तळहाताएवढे रास्पबेरी पाय चालते, किंवा बाजारात तयार मिळणारा दोन-चार डिस्कचा डबा चालतो. त्यावर बहुधा लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली असते. घरातले आणि दुकानातले बाकीचे संगणक व मोबाईल आपल्या फायली त्याच्याकडे ठेवतात आणि हव्या तेव्हा मागून घेतात. ‘होम सर्व्हर’ हे नाव साहेबी घरांतून आलेले असले तरी ते आपल्या वस्तीला अधिक लागू पडते. मालेगाव-भिवंडीत खाली साचे आणि वर बिऱ्हाड, मुंबईत पुढे दुकान आणि माळ्यावर कारखाना, ही रीत जुनीच आहे. जिथे घर आणि पेढी एका छताखाली आहेत तिथे एकाच डब्यात मुलांचा अभ्यास, सुनेचे शिवणकामाचे नमुने आणि मालकाची उधारीची वही अशी तिन्ही येऊन बसतात. ती एकमेकांत मिसळू न देणे, हेच कारभाराचे काम.

लिनक्सचा कारभार मुळात काळ्या पडद्यावर इंग्रजी हुकूम टाईप करून चालतो. दुकानदाराकडून ती अपेक्षा करणे चुकीचे आहे. म्हणून १९९७ साली जेमी कॅमेरॉन यांनी ‘वेबमिन’ नावाचे पॅनेल काढले. ब्राउझर उघडा, सर्व्हरचा पत्ता घाला, आणि तेच हुकूम बटणे व रकान्यांच्या रूपात समोर येतात. वेबमिन आजही चालू आहे. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तीत एक मोठे शहाणपण आहे. सगळा कारभार एकाच अवाढव्य प्रोग्रामात कोंबलेला नाही. नवा वापरकर्ता जोडण्याचे मॉड्यूल वेगळे, डिस्कचे वेगळे, ठरावीक वेळी काम करण्याचे वेगळे. एक मॉड्यूल म्हणजे एक फोल्डर. त्यात एक छोटी माहितीची फाईल असते. मॉड्यूलचे नाव काय, ते कोणत्या प्रणालीवर चालते, दुसऱ्या कोणत्या मॉड्यूलवाचून त्याचे अडते, एवढे तीत लिहिलेले असते. पडद्यावर दिसणारी वाक्ये प्रोग्रामात न लिहिता भाषेच्या निराळ्या फायलीत ठेवतात. तेव्हा प्रोग्रामाला हात न लावता मराठी किंवा उर्दू वाक्यांची फाईल शेजारी ठेवता येते. कोणाला कोणते मॉड्यूल दिसावे आणि त्यात काय करता यावे, याचे नियमही मॉड्यूलसोबत असतात. आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने मनावर घेतले तर कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद रोजनाम्यात आपोआप पडते. तयार मॉड्यूल एका फाईलीत बांधून दुसऱ्या दुकानाच्या सर्व्हरवर बसवता येते.

वेबमिन पर्ल या भाषेत लिहिले आहे, आणि आजची मुले पर्ल सहसा शिकत नाहीत. त्यांना पायथन येते. त्यांच्यासाठी ‘फ्रीडमबॉक्स’ हे दुसरे उदाहरण आहे. अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक ईबन मोग्लेन यांनी २०१० साली हा विचार मांडला की लोकांची खाजगी माहिती मोठ्या कंपन्यांच्या कोठारात न जाता ज्याच्या त्याच्या घरातल्या लहान डब्यात राहावी. त्यातून डेबियन लिनक्सवर आधारलेली ही प्रणाली उभी राहिली. तिचे पॅनेल पायथनमध्ये आहे. या कामात हैदराबादच्या प्रोग्रामरांनी मोठा वाटा उचलला आणि पॅनेलच्या तेलुगू-हिंदी अनुवादाचे कामही झाले. हैदराबाद आपल्यापासून किती लांब आहे, हे सोलापूर-नांदेडच्या वाचकांना सांगायला नको.

एक तपासणी बंद केली, त्याची किंमत

काही बंधू म्हणतील, तयार डबा आणला, त्यात कंपनीचे पॅनेल आहेच, मग मॉड्यूलची चर्चा कशाला? याला २०२१ सालचा एक दाखला पुरेसा आहे. वेस्टर्न डिजिटल या नामांकित कंपनीचा ‘माय बुक लाईव्ह’ नावाचा डबा जगभर घराघरांत होता. नेटला जोडायचा आणि आपल्या फायली कुठूनही पाहायच्या, अशी सोय. कंपनीने त्याची सुधारित आवृत्ती देणे २०१५ सालीच थांबवले होते, पण डबे चालू होते आणि लोक निर्धास्त होते. जून २०२१ च्या अखेरच्या आठवड्यात मालकांनी पाहिले तर डबा रिकामा. कोणीतरी लांबून ‘कारखान्यातून निघाला तसा कर’ हा हुकूम दिला होता आणि डब्याने पासवर्ड न विचारता तो पाळला होता. वर्षानुवर्षांचे फोटो, हिशेब, कागदपत्रे गेली.

चौकशीत निघाले ते प्रत्येक मॉड्यूल लिहिणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. डबा पुसण्याचे काम करणाऱ्या फाईलीत, हुकूम देणारा खरा मालक आहे की नाही हे तपासणाऱ्या ओळी होत्या. पण त्या बंद करून ठेवलेल्या होत्या. २०११ साली पासवर्ड तपासण्याची पद्धत नव्याने बांधताना जुन्या ओळी बंद केल्या गेल्या आणि या एका ठिकाणी नव्या घालायच्या राहिल्या, असा खुलासा कंपनीने केला. दहा वर्षे ते दार उघडे होते. पुढे कंपनीने हरवलेली माहिती परत मिळवून देण्याची सोय केली आणि जुन्या डब्याच्या बदल्यात नवा घेण्याची सवलतही देऊ केली. पण पुसलेले सगळेच परत येते असे नाही.

म्हणजे ही मंडळी अडाणी होती असे नव्हे. साठवणुकीच्या धंद्यात मुरलेली कंपनी होती. तिचे पॅनेल देखणे होते. उणीव राहिली ती एका लहानशा कारभारी पानात, जे रोज कोणी उघडत नाही.

दुसरा दाखला खुद्द वेबमिनचा आहे आणि तो आणखी विचार करायला लावणारा आहे. एप्रिल २०१८ मध्ये कोणीतरी वेबमिनची फाईल बांधणाऱ्या यंत्रात शिरून पासवर्ड बदलण्याच्या पानात चोरदार घातले. ऑगस्ट २०१९ मध्ये ते उघडकीला आले आणि १.९३० ही साफ आवृत्ती निघाली. मधल्या काळात ज्यांनी १.८९० ही आवृत्ती घेतली त्यांचे दार तर पहिल्या दिवसापासून उघडे होते. गंमत अशी की सर्वांना वाचण्यासाठी ठेवलेला मूळ प्रोग्राम स्वच्छ होता. भेसळ झाली ती बांधणीत. तांदूळ शेतात चांगला आणि गोणीत खडे, तसे हे. म्हणून ‘उघडा प्रोग्राम आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हे जे आपली शिकलेली मुले छातीठोकपणे सांगतात ते अर्धेच खरे आहे. उघडा असल्याने चोरी सापडते हे खरे. पण बांधलेली फाईल आणि मूळ प्रोग्राम जुळतो का, हे कोणीतरी बसून पाहावे लागते, आणि त्या बसण्याची मजुरी कोणी देत नाही.

मुनिमाला तिजोरी नको

या दोन्ही प्रकारांवर फ्रीडमबॉक्सच्या कर्त्यांनी जो विचार केला तो व्यापाऱ्याला चटकन कळेल असा आहे. लिनक्सवर ‘रूट’ नावाचा सर्वाधिकारी असतो. तो काहीही पुसू शकतो. जुन्या धाटणीच्या पॅनेलमध्ये पान दाखवणारा प्रोग्रामच या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालतो. वेबमिन तसेच आहे. म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या पोराच्या कमरेला तिजोरीची किल्ली. फ्रीडमबॉक्समध्ये पान दाखवणारा प्रोग्राम सामान्य नोकराच्या हक्काने चालतो आणि सर्वाधिकाऱ्याचे काम करणारे तुकडे निराळे, लहान आणि मोजके ठेवतात. गल्ल्यावरच्याने चिठ्ठी द्यायची, आतल्या माणसाने ठरलेले तेवढेच काम करायचे. गल्ल्यावरचा फितला तरी तो चिठ्ठीत नसलेले काम करवून घेऊ शकत नाही.

नवीन मॉड्यूल लिहून घेताना मालकाने हाच एक प्रश्न विचारावा: यातले कोणते काम सर्वाधिकाऱ्याच्या हक्काने होते, आणि ते किती ओळींत आहे? सांगणाऱ्याला सांगता आले नाही तर तो काम जाणत नाही असे खुशाल समजावे.

त्याबरोबर आणखी एक शिस्त हवी. पॅनेल थेट नेटवर उघडे ठेवू नये. दुकानातून घरचा सर्व्हर पाहायचा असेल तर ‘वायरगार्ड’सारखा खाजगी बोगदा करून त्यातूनच जावे. आपल्याकडे अनेक इंटरनेट कंपन्या गिऱ्हाइकाला स्वतंत्र बाहेरचा पत्ता देत नाहीत, एका पत्त्यामागे पुष्कळ गिऱ्हाइके बसवतात. त्यामुळे बाहेरून घरात येणे अवघड जाते, आणि मग घाईत कोणी भलतेच दार उघडून ठेवतो. ती घाई करू नये. बोगद्याचे मॉड्यूल नीट बसवून घ्यावे आणि ते कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये दिले आहे याची यादी त्याच पानावर दिसेल असे पाहावे.

आपल्याला काय हवे

परदेशी प्रोग्रामर आपापल्या गरजेची मॉड्यूल्स लिहितात. सिनेमे लावणारी, गाणी वाजवणारी, घरातले दिवे मोबाईलवरून विझवणारी. त्यांचे त्यांना मुबारक. आमच्या गरजा वेगळ्या आहेत आणि त्या दुसरा कोणी ओळखणार नाही.

पहिली गरज वही राखण्याची. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. २०२४-२५ सालच्या वार्षिक विवरणाची तारीख ३१ डिसेंबर २०२५ धरली तर ते कागद ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हाताशी हवेत. तोपर्यंत आजची डिस्क जगेल याची हमी कोणी देत नाही. डब्यात दोन डिस्का आहेत आणि एकीची नक्कल दुसरीवर पडते, म्हणून निश्चिंत राहणारे बंधू पुष्कळ आहेत. ती सोय डिस्क मेल्यावर कामाची. पण फाईल चुकून पुसली तर दोन्हीकडची त्याच क्षणी पुसली जाते. आणि खंडणीखोर आला तर तो दोन्ही एकदम बंद करतो. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या घरगुती सर्व्हरांवर असाच हल्ला झाला. फायली पासवर्डच्या गाठोड्यात बांधून टाकल्या आणि ते सोडवायला ०.०१ बिटकॉइन मागितले. जानेवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीच्या डब्यांवर ‘डेडबोल्ट’ नावाचा दुसरा हल्ला झाला, तेव्हा मागणी ०.०३ बिटकॉइनवर गेली. धंद्याप्रमाणे तेथेही भाव चढतो.

तेव्हा बॅकअपचे मॉड्यूल असे हवे की रोजची नक्कल निराळ्या डिस्कवर पडेल, तिला दुकानातल्या संगणकावरून कोणी हात लावू शकणार नाही, आणि आठवड्याची एक नक्कल भाऊ, मेहुणा, कोणा विश्वासू नातलगाच्या घरी कुलूपबंद स्वरूपात जाईल. फ्रीडमबॉक्समध्ये ‘बोर्ग’ नावाच्या साधनावर बसवलेले असे मॉड्यूल तयार आहे. ते नक्कल कुलूपबंद करते आणि बदललेला भागच पुढे पाठवते, म्हणून थोडक्या इंटरनेटवरही निभावते. त्याला आपल्या पद्धतीचे पान जोडणे एवढेच काम उरते. त्या पानावर हिरवा दिवा लावून भागणार नाही. ‘शेवटची नक्कल कधी पडली’ यापेक्षा ‘शेवटची नक्कल उघडून कधी पाहिली’ ही तारीख मोठ्या अक्षरांत हवी. बॅकअप घेणारे शंभर भेटतात, तो उघडून पाहणारा एखादाच. मॉड्यूलनेच महिन्यातून एकदा कोणतेही एक बिल नकलेतून काढून मालकासमोर धरावे.

दुसरी गरज माणसांची. घराघरांतल्या अनुभवी बायका पाहुण्याला बैठकीत बसवतात, स्वयंपाकघरात नेत नाहीत, तेच तत्त्व. मालक, मुनीम, घरची मुले आणि बाहेरून येणारा संगणक-कारागीर, प्रत्येकाचे खाते निराळे आणि हक्क निराळे. एका पासवर्डवर सारे घर चालवणे ही आपली सर्वांत वाईट सवय. यात एक मॉड्यूल आम्हाला फार मोलाचे वाटते आणि ते आमच्या मनासारखे तयार पाहायला मिळाले नाही. ‘माणूस गेला’ असे एक बटण. नोकर काम सोडून गेला की त्याचे खाते, त्याच्या मोबाईलमधला बोगदा, त्याला दिलेल्या फायलींच्या वाटण्या, त्याने लावलेली आपोआप चालणारी कामे, सगळे एका जागी दिसावे आणि एका हुकुमाने बंद व्हावे. त्याच्या फायली मात्र पुसल्या जाऊ नयेत, मालकाच्या नावे याव्यात. सध्या हे चार-पाच वेगवेगळ्या पानांवर जाऊन करावे लागते आणि त्यातले एखादे राहून जातेच. आपल्यातल्या एखाद्या होतकरू मुलीने किंवा मुलाने हे एक मॉड्यूल नीट लिहिले तर ते जगाच्या बाजारात खपेल.

विजेचेही असेच आहे. यंत्रमागाच्या गावांत वीज जाण्याची बातमी होत नाही. सर्व्हर लिहिता लिहिता बंद पडला की फाईल अर्धवट राहते, आणि रास्पबेरीतले चिमुकले मेमरी कार्ड तर अशा धक्क्यांनी लवकर बिघडते. यूपीएस घेऊन ठेवणारे असतात, पण यूपीएसची वायर सर्व्हरला जोडलेली नसते. त्यामुळे बॅटरी संपली हे सर्व्हरला कळतच नाही. ती वायर जोडून, बॅटरी उतरली की वही मिटून सर्व्हर आपोआप बंद करणारे साधन लिनक्सवर फुकट आहे. त्यावर चार बटणांचे पान, एवढेच.

आणि भाषा. ‘डिस्क ९० टक्के भरली, जुन्या वर्षाची बिले बाहेरच्या डिस्कवर हलवा’ असे मराठीत लिहून आले तर मालक ते वाचून काहीतरी करील. इंग्रजी शब्दांचा नुसता अक्षरबदल करून ‘अनमाउंट अयशस्वी’ असे लिहिल्याने कोणाचेच भले होत नाही. मालेगाव-भिवंडीत पुष्कळ घरांत वहीची भाषा उर्दू असते. तिथे ओळी उजवीकडून सुरू होतात, म्हणजे पानाची सगळी मांडणी उलटवावी लागते आणि आकडे मात्र डावीकडूनच ठेवावे लागतात. हे मुंबई-पुण्याच्या आलिशान कचेरीत बसून सुचत नाही. ज्याच्या घरात दोन्ही लिप्या वाचल्या जातात त्यालाच सुचते. जाता जाता एक गोष्ट. १९९० नंतर ज्यांनी श्री-लिपी किंवा आकृतीत मराठी आणि इनपेजमध्ये उर्दू मजकूर टाईप करून ठेवला आहे, त्यांच्या फायली आजच्या यंत्रात शोधायला गेले की काहीच सापडत नाही, कारण ती अक्षरे युनिकोडमध्ये नाहीत. जुने गिऱ्हाइकांचे पत्ते, कराराचे मसुदे अशा फायलींत अडकून असतील तर सर्व्हरवर चढवण्यापूर्वी त्या बदलून घ्याव्यात.

मजुरीचा प्रश्न

आता दुखऱ्या जागेला हात घालतो. डब्यावर वीस-तीस हजार घालायला आपला व्यापारी तयार असतो. डबा दिसतो, हाताला लागतो, पाहुण्याला दाखवता येतो. पण मॉड्यूल लिहिणाऱ्याने आठ दिवसांची मजुरी सांगितली की ‘एवढ्याशा बटणाला?’ असे म्हणून त्याला चहा पाजून वाटेला लावतात. नाहीतर पुतण्या, भाचा धरून आणतात. तो फुकट करतो, परीक्षा आली की सोडून जातो, आणि त्याने काय केले ते कोणालाच ठाऊक नसते.

कारागिरीची कदर करणारे म्हणून आपण मिरवतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगार घराण्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेले ते काम. भोपळा, लाकूड, नक्षी हे सगळ्यांना दिसते. पण घोडीवर कानस फिरवून जवारी काढण्याचे काम कानाने होते, ते पाहणाऱ्याला दिसतसुद्धा नाही, आणि वाद्याची किंमत तिथेच ठरते. मॉड्यूलमध्ये दिसणारे बटण म्हणजे नक्षी. बटण दाबणारा कोण हे तपासणे, वीज मध्येच गेली तर काय होईल याचा बंदोबस्त, चुकून दाबले तर परत फिरण्याची वाट, ही जवारी. माय बुक लाईव्हचा घात नक्षीत झाला नव्हता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपली संगणक शिकलेली काही मुले काम अर्धवट ठेवतात, पासवर्ड आपल्याजवळ ठेवतात आणि त्यालाच धंदा समजतात. गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची ही रीत फार दिवस चालत नाही. काम सोपवताना मूळ प्रोग्राम, पासवर्ड आणि दोन पानांची लेखी माहिती मालकाच्या हातात पडलीच पाहिजे. मालकाने तो पासवर्ड पाकिटात सीलबंद करून घरच्या तिजोरीत ठेवावा. फ्रीडमबॉक्सचा परवाना तर असा आहे की त्यावर रचलेले काम दुसऱ्याला दिले की मूळ प्रोग्रामही द्यावा लागतो. यात कारागिराचे नुकसान नाही. त्याची कमाई पुढच्या देखभालीत आहे, कारण हे काम एकदा करून संपत नाही. डेबियनच्या एका आवृत्तीला साधारण तीन वर्षे नेहमीची आणि पुढची दोन धरून एकूण पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्ती मिळते, मग नवी चढवावी लागते, आणि नवी चढवली की मॉड्यूल तपासावे लागते. तेव्हा वर्षाचा ठराव करावा, रक्कम लिहावी, दर तिमाहीला द्यावी. एका बाजारातल्या दहा दुकानदारांनी मिळून एकच मॉड्यूल लिहून घेतले आणि एकच देखभालवाला ठेवला तर कोणालाच जड जाणार नाही. डबे मात्र दहा निराळेच असावेत. वही सामाईक करण्याची गरज नाही.

क्लाउडवाले म्हणतील, एवढी यातायात कशाला, दरमहा भाडे भरा आणि मोकळे व्हा. फेरीवाल्याला, एकट्या शिलाई-कारागिराला, ज्याचा सगळा हिशेब मोबाईलमध्ये मावतो त्याला आम्हीही तेच सांगू. आठवड्यातून अर्धा तास पॅनेल उघडून पाहायची ज्याची तयारी नाही, त्यानेही सर्व्हर घेऊ नये. बिनदेखभालीचा घरचा सर्व्हर भाड्याच्या जागेपेक्षा धोक्याचा. पण ज्याच्याकडे पाच-दहा माणसे कामाला आहेत, ज्याच्या वहीत दुसऱ्यांची उधारी आणि कारागिरांच्या उचली लिहिलेल्या आहेत, त्याच्याकडे ती माहिती अमानत आहे. भाड्याच्या कोठारात भाडे थकले किंवा खाते वापराविना राहिले तर काय होते हे त्याने नीट वाचावे. गूगलने तर डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न उघडलेली व्यक्तिगत खाती पुसण्याचे धोरण लागू केले आहे, आणि वडिलांच्या नावाने काढलेली खाती घरोघरी अशीच पडून असतात.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पहिले काम बॅकअप आणि तो परत उतरवण्याच्या मॉड्यूलचे द्यावे. निम्मी रक्कम काम हातात घेताना, निम्मी पूर्ण झाल्यावर. पूर्ण झाले हे कसे ठरवायचे? कारागिराने आपल्यासमोर, दुसऱ्या कोऱ्या संगणकावर, गेल्या महिन्याची पूर्ण वही नकलेतून उतरवून दाखवावी. त्यातली पाच बिले आपण कागदाशी ताडून पाहावीत. मग मुनिमाच्या खात्याने आत जाऊन तीच वही पुसण्याचा प्रयत्न करावा. ती पुसली गेली नाही, की उरलेली निम्मी रक्कम तिथल्या तिथे मोजून द्यावी.